आजोबांची फियाट, विंटेज नोंदणी आणि रस्त्यावर चालवण्याची मर्यादा

आपला प्रश्न मी असा समजलो आहे: फोंड्याच्या घरी आजोबांची १९६८ साली नोंदवलेली फियाट ११०० आहे, तिच्यावर जुन्या ‘जीडीए’ मालिकेतील क्रमांक आहे, आणि आजोबांच्या पश्चात ती आता आपल्या ताब्यात आली आहे. तिची विंटेज म्हणून नोंदणी करावी का, केल्यास अमेरिकेतील पेन्सिल्वेनियात राहणारे आपले चुलत बंधू त्यांची जुनी गाडी अँटिक पाटीवर आठवड्यातून एकदा बाहेर काढतात तशी आपल्यालाही रविवारी काढता येईल का, ओळखीचे हॉटेलवाले लग्नाच्या वरातीसाठी ती भाड्याने मागत आहेत त्यांना देता येईल का, आणि गाडीवर जुन्या धाटणीची काळी पाटी ठेवता येईल का, असे आपण विचारले आहे. मोटर वाहन कायद्याची प्रकरणे हाताळणारा वकील म्हणून मी गोव्यातील अशा गाड्यांचे कागद बरीच वर्षे पाहत आलो आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

प्रथम मूळ मुद्दा. विंटेज नोंदणी घेताना मालक आपला रस्ता वापरण्याचा बराचसा हक्क स्वेच्छेने सोडून देतो आणि त्याच्या बदल्यात गाडीला वारशाची वस्तू म्हणून कायदेशीर स्थान मिळवतो. पुष्कळ लोक ही नोंदणी मानाची पाटी समजून घ्यायला धावतात आणि नंतर मडगावच्या बाजारात गाडी घेऊन गेले म्हणून पोलिसांशी हुज्जत घालतात. आपण गाडीचा उपयोग काय करणार आहात हे आधी ठरवावे आणि अर्ज त्यानंतर भरावा.

कायद्याचा आधार असा आहे. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ यांत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती करून नियम ८१ए ते ८१जी घातले. त्यापूर्वी देशभरासाठी जुन्या गाड्यांच्या नोंदणीची एकसारखी पद्धत नव्हती आणि प्रत्येक राज्याचे वाहतूक खाते आपापल्या समजुतीने निर्णय देत असे. नव्या नियमांनुसार दुचाकी किंवा खासगी वापरासाठीची चारचाकी, पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली आणि जिच्या सांगाड्यात, बॉडीच्या कवचात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, अशी गाडी विंटेज मोटर वाहन मानली जाते. बाहेरून आयात केलेल्या गाड्याही यात येतात.

या व्याख्येतील ‘पहिली नोंदणी’ हे शब्द लक्षात ठेवावेत, कारण पन्नास वर्षे कारखान्यातून बाहेर पडल्याच्या सालापासून मोजत नाहीत. १९७४ मध्ये प्रीमियर कंपनीने फियाट ११०० चे नाव पद्मिनी केले. त्या साली बनलेली पण १९७६ मध्ये प्रथम नोंदवलेली पद्मिनी १९७६ पासून वय मोजते. आपल्या १९६८ च्या गाडीला ही अडचण नाही. मुक्तीपूर्वी, म्हणजे १९६१ च्या आधी, पोर्तुगीज अमदानीत गोव्यात आलेल्या मोटारींच्या बाबतीत तर वयाचा वाद निर्माणच होत नाही, कारण त्यांची भारतीय कायद्याखालील नंतरची नोंदणी धरली तरी पन्नास वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत. त्यांचा खरा प्रश्न कागदांची साखळी अखंड आहे का हा असतो, आणि पोर्तुगीज काळातील कागद ज्यांनी घरच्या पेटीत जपून ठेवले त्यांचे काम सोपे जाते.

खरी अडचण बहुधा इंजिनाची असते. फियाट ११०० चे मूळ इंजिन १०८९ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे. पेट्रोल महागल्यावर गोव्यातल्या अनेक फियाट आणि अँबॅसॅडर गाड्यांमध्ये डिझेल इंजिन बसवले गेले, आणि जुन्या विलीस जीपमध्ये तर मूळ इंजिन राहिलेले दिसणे विरळाच. असे इंजिन नोंदणी पुस्तकात रीतसर चढवलेले असले तरी विंटेजच्या व्याख्येतील ‘इंजिनात मोठा फेरफार नाही’ ही अट ती गाडी पूर्ण करू शकत नाही, असे माझे मत आहे. त्याच जातीचे दुसरे मूळ इंजिन बसवले असेल तर वाद घालायला जागा आहे, पण तो वाद कागदांच्या बळावर घालावा लागतो. म्हणून आजोबांच्या काळातील आरसी पुस्तकात लिहिलेला इंजिन क्रमांक प्रत्यक्ष ब्लॉकवरच्या क्रमांकाशी जुळतो का हे आधी पाहावे. चासीच्या क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा अर्जाबरोबर लागतोच. तो गॅरेजमध्ये गाडी उचलली असतानाच घ्यावा, म्हणजे गंजाखाली अंक गेले असतील तर तेव्हाच कळेल.

पाटीच्या क्रमांकाबद्दल नियम उदार आहेत. भारतात आधीपासून नोंदवलेली गाडी विंटेज झाली तरी तिचा मूळ क्रमांक तिच्याकडेच राहतो. ज्यांची नव्याने नोंदणी होते त्यांना राज्याचा संकेत, मग ‘व्हीए’ ही विंटेजची अक्षरे, दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ यांमधला अंक असा क्रमांक मिळतो. आपल्या गाडीचा ‘जीडीए’ हा केंद्रशासित गोवा, दमण आणि दीवच्या काळातला क्रमांक आहे. सध्याचे ‘जीए-०१’ पणजीचे आणि ‘जीए-०२’ मडगावचे, ही पद्धत त्यानंतर १९८८ चा मोटर वाहन कायदा लागू झाल्यावर आली (पुढे येणारी सर्व कलमे याच कायद्याची आहेत). जुने क्रमांक त्या कायद्याने रद्द केले नाहीत. १९३९ च्या कायद्याखाली दिलेली नोंदणीची प्रमाणपत्रे नव्या कायद्याच्या कलम २१७ ने राखून ठेवली. त्यामुळे कोणी एजंटाने ‘जीडीए’ मोडून ‘जीए’ घ्यावाच लागेल असे सांगितले तर ते ऐकू नये.

विंटेज नोंदणीचे शुल्क पहिल्या वेळी २०,००० रुपये आहे, दहा वर्षांनी पुनर्नोंदणी करताना ५,००० रुपये. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विम्याची पॉलिसी, जुनी आरसी, आणि गाडी परदेशातून आलेली असल्यास सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री. नोंदणी अधिकाऱ्याने साठ दिवसांत फॉर्म २३ए मधील प्रमाणपत्र द्यायचे असते.

आता वापराच्या मर्यादेकडे येतो, कारण आपला प्रश्न तिथेच आहे. विंटेज म्हणून नोंदवलेली गाडी नेहमीच्या किंवा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, विंटेज रॅलीत सहभाग, इंधन भरणे, देखभाल-दुरुस्ती, आणि अशा प्रदर्शनाच्या किंवा रॅलीच्या ठिकाणी जाणे-येणे, एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. पणजीत कार्निव्हलच्या मिरवणुकीत किंवा एखाद्या विंटेज मोटारींच्या मेळाव्यात गाडी नेली तर कुणी हरकत घेणार नाही. परंतु रविवारी कुटुंबाला घेऊन मंगेशीला देवदर्शनाला जाणे या यादीत बसत नाही. ‘लोक बघतात म्हणजे प्रदर्शनच झाले’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे आणि मला तो पटत नाही. तसे मानले तर कुठलीही जुनी गाडी रस्त्यावर असताना प्रदर्शनातच असते आणि मग नियमाला काही अर्थच उरत नाही.

आपल्या चुलत बंधूंच्या पेन्सिल्वेनियाचा कायदा वेगळा आहे आणि तो इथे लागू पडत नाही, तरी तुलनेसाठी पाहण्यासारखा आहे. तिथे पंचवीस वर्षांहून जुनी आणि कारखान्याच्या मूळ रूपाशी जुळती गाडी अँटिक मानतात. अँटिक पाटीची गाडी रोजच्या प्रवासासाठी वापरणे तिथेही बेकायदा आहे. क्लबचे उपक्रम, प्रदर्शने, सहली, मिरवणुका आणि ‘प्रासंगिक प्रवास’ एवढ्यालाच परवानगी आहे. मात्र त्या कायद्यानेच प्रासंगिक प्रवासाची व्याख्या आठवड्यातून एका दिवसापेक्षा अधिक नाही अशी करून टाकली आहे, आणि आपले बंधू जो रविवार घेतात तो तिथून आलेला आहे. व्हर्जिनियातही अधूनमधून हौसेने गाडी फिरवण्यासाठी घरापासून २५० मैलांपर्यंत जाण्याची मुभा लिहून दिलेली आहे. अशी स्पष्ट मोजमापे पोलिसांना आणि मालकाला दोघांनाही सोयीची असतात. जर्मनीत तीस वर्षांवरील जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या लाल ‘०७’ क्रमांकाच्या पाटीवर प्रवासाची वही ठेवावी लागते, आणि प्रत्येक फेरी तिच्यात लिहावी लागते.

आपल्या नियमांत आठवड्याचा दिवसही नाही आणि वहीची सक्तीही नाही. तरीही मी माझ्या प्रत्येक अशिलाला एक साधी वही गाडीत ठेवायला सांगतो. तारीख, कुठून कुठे, कशासाठी, किलोमीटरचा आकडा, आणि कार्यक्रमाचे निमंत्रणपत्र किंवा गॅरेजची पावती तिला जोडलेली. कायद्याने ती मागितलेली नाही, परंतु नाक्यावर अडवले असता ‘मी दुरुस्तीला चाललो होतो’ हे सांगण्यापेक्षा दाखवणे सोपे असते. आणि न्यायालयात तर तोंडी सांगण्याला फारशी किंमतच नसते.

मग रविवारी गाडी काढायचीच असेल तर काय? इथे बहुतेकांना ठाऊक नसलेला किंवा लक्षात न येणारा मुद्दा आहे. गाडी पन्नास वर्षांची झाली म्हणून तिची साधी नोंदणी आपोआप विंटेज होत नाही, आणि विंटेज नोंदणी घ्यावीच असे बंधनही मला नियमांत कुठे आढळत नाही. कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करता येते. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना दहा आणि पेट्रोल गाड्यांना पंधरा वर्षांची जी मर्यादा न्यायालयीन आदेशांमुळे आली, तशी वयाची बंदी गोव्यात नाही. गाडी ठणठणीत असेल, ब्रेक, दिवे आणि धूर तपासणीत उतरत असतील, तर साधे नूतनीकरण करून ती खासगी गाडी म्हणून कुठेही चालवता येते. रविवारी मंगेशी, सोमवारी बँक, कुणी विचारणार नाही. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारींच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले, परदेशी बनावटीच्या गाड्यांना ४०,०००, आणि त्यानंतर अधिक जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढवण्यात आले. मुदत उलटून गेली असेल तर दरमहा विलंब शुल्कही लागते. मोटारींना ते महिन्याला ५०० रुपये आहे, आणि आपली गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये अनेक वर्षे उभी असल्याने हा आकडा आधी विचारून घ्यावा.

तेव्हा माझे मत असे. गाडी अधूनमधून घरच्यांसह चालवायची इच्छा असेल तर साधी नोंदणी चालू ठेवावी. गाडी मुख्यतः उभी राहणार असेल, आपण मेळाव्यांना नेणार असाल, किंवा साधे नूतनीकरण तांत्रिक कारणांनी शक्यच नसेल, तर विंटेज नोंदणी योग्य आहे. दोन्हींचे फायदे एकाच वेळी मागू नयेत. एकदा विंटेज प्रमाणपत्र हाती आल्यावर पुन्हा साध्या नोंदणीकडे परत फिरण्याची सोपी वाट नाही असे गृहीत धरून चालावे.

लग्नाच्या भाड्याबद्दल उत्तर दोन्ही प्रकारच्या नोंदणीत एकच आहे: नाही. विंटेज नोंदणीत व्यावसायिक वापराला थेट मनाई आहे. साध्या खासगी नोंदणीतही परवान्याशिवाय भाड्याने गाडी देणे हा कलम ६६ चा भंग होतो आणि कलम १९२ए खाली पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कलम ५३ प्रमाणे भाड्याने वापरलेल्या गाडीची नोंदणीच निलंबित करता येते. पण दंडाहून मोठी जोखीम विम्याची आहे. खासगी पॉलिसीत भाड्याच्या वापराला मनाई असते, आणि परवान्याविना भाड्याने गेलेल्या गाडीला अपघात झाला तर कलम १५० खाली विमा कंपनीला बचाव उपलब्ध होतो. म्हणजे वरातीत कुणाला धक्का लागला तर नुकसानभरपाईचा बोजा शेवटी आपल्या माथी येऊ शकतो. हॉटेलवाले ‘भाडे नको, पेट्रोलचे पैसे घ्या’ असे म्हणतील. तीही वाट धोक्याची आहे. आपल्या स्वतःच्या घरच्या लग्नात, पैसे न घेता, साध्या नोंदणीची गाडी वापरणे मात्र पूर्णपणे वैध आहे.

ओघाने एक सांगतो. गोव्यात जुन्या बुलेट आणि जावा गाड्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांपैकी काही पूर्वी मोटारसायकल पायलटांच्या, म्हणजे दुचाकीवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्यांच्या होत्या. भाड्याच्या दुचाकीच्या नोंदी ज्यांच्या कागदांवर राहिल्या आहेत, त्यांनी त्या नोंदी आधी खासगी करून घ्याव्यात, कारण विंटेजची व्याख्या खासगी वापराच्या गाडीची आहे.

विम्याच्या दृष्टीनेही ‘विंटेज’ वेगळीच वस्तू आहे. मोटर विम्याच्या जुन्या दरपत्रकात ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या खासगी मोटारीलाच विंटेज धरून स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २५ टक्के सूट दिली जात असे. नोंदणी नियमांच्या पन्नास वर्षांशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून आपल्या १९६८ च्या गाडीसाठी विमा घेताना एजंटाला ‘विंटेज’ एवढेच सांगून थांबू नये; गाडीची किंमत काय धरली आहे हे पॉलिसीवर अंकांत लिहून घ्यावे. त्रयस्थ पक्षाचा विमा तर गाडी शेडमधून ढकलत बाहेर काढून चालू करण्याआधी हवाच.

आता पाटी. मूळ क्रमांक राखता येतो याचा अर्थ मूळ पाटीची धाटणी राखता येते असा नव्हे. साधारण २००१ पर्यंत खासगी गाड्यांना काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे असत. नियम ५० मधील दुरुस्तीनंतर पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे आली. आपल्याला हवी ती काळी पाटी आज रस्त्यावर चालत नाही, आणि गोव्यात तर ती विशेष अडचणीची आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे इथे रेंट-अ-कार आणि रेंट-अ-बाइक. जुन्या पाटीवरची पांढरी अक्षरे उन्हापावसाने पिवळसर झालेली असतात, आणि कळंगुटच्या रस्त्यावर ती दिसताच भाड्याच्या गाडीची कागदपत्रे मागितली गेली तर पोलिसाला दोष देता येणार नाही. अक्षरांची उंची, जाडी आणि अंतर नियम ५१ मध्ये ठरवून दिलेले आहे. मोटारीला ६५ मिलिमीटर उंच, १० मिलिमीटर जाड अक्षरे लागतात. नक्षीदार वळणाची अक्षरे, मध्ये घातलेली चिन्हे, हे सारे कलम १७७ खालील दंडाला आमंत्रण आहे. पहिल्या वेळी ५०० रुपये, नंतर १,५००.

पोर्तुगीज काळातील पाट्यांबद्दलही लोक विचारतात, म्हणून इथेच सांगतो. तो क्रमांक भारतीय कायद्याने दिलेले नोंदणी चिन्ह नाही. गाडी रस्त्यावर असताना नोंदणी चिन्हाच्या जागी तो लावला तर गाडी बिननोंदणीची ठरवली जाऊ शकते, आणि कलम १९२ खाली दंड २,००० ते ५,००० रुपये आहे. अमेरिकेतील काही राज्ये गाडीच्या सालची जुनी पाटी परवानगी घेऊन लावू देतात. आपल्या नियमांत तशी तरतूद नाही. जुनी पाटी प्रदर्शनाच्या आवारात, गाडी उभी असताना, समोर मांडून ठेवावी. तिथे कुणाची हरकत नसते आणि पाहणाऱ्यांनाही ती आवडते.

शेवटी वारशाचे कागद, कारण गोव्यात ते नोंदणीच्या आधी येतात. मालकाच्या मृत्यूनंतर ज्याच्या ताब्यात गाडी येते त्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ वर हस्तांतरासाठी अर्ज करायचा, असे नियम ५६ सांगतो. हा काळ उलटून गेला असेल तरी हस्तांतर होते, फक्त कागद अधिक लागतात. परंतु इतर राज्यांतील पद्धत पाहून केवळ नातवाचे प्रतिज्ञापत्र पुरेल असे समजू नये. आपल्याकडच्या समान नागरी कायद्यात विवाहित जोडप्याच्या मालमत्तेत सामान्यतः पतीपत्नीची समाईक मालकी असते, त्यामुळे आजोबांच्या गाडीत आजीचा अर्धा वाटा धरला जातो आणि उरलेल्या अर्ध्यात सर्व वारस येतात. गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी प्रक्रिया अधिनियम, २०१२ खाली विशेष नोटरीसमोर डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारसांचा दस्त, करून घ्यावे, त्यात कोणते वारस आहेत ते नोंदवावे, आणि इतर वारसांची लेखी संमती घेऊन गाडी एकाच्या नावावर करावी. पेन्सिल्वेनियातील बंधू हेही वारस असतील तर त्यांचे मुखत्यारपत्र अमेरिकेतील भारतीय वाणिज्य दूतावासाकडून साक्षांकित करून मागवावे. हे काम अनेक महिने घेते, म्हणून मेकॅनिकला बोलावण्यापूर्वी त्याला सुरुवात करावी.

आणि त्याही आधी, वाहतूक खात्यात जाऊन आपला ‘जीडीए’ क्रमांक ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत दिसतो का हे विचारावे. १९६० आणि ७० च्या दशकांतील बऱ्याच नोंदी हाताने लिहिलेल्या रजिस्टरांत राहिल्या आणि संगणकावर कधी चढल्याच नाहीत. अशा गाडीची आधी बॅकलॉग नोंद, म्हणजे रजिस्टरातली जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ आरसी पुस्तक, जुन्या कराच्या पावत्या आणि रजिस्टरच्या पानाची प्रमाणित प्रत लागू शकते. मूळ आरसी हरवली असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. ही नोंद झाल्याशिवाय साधे नूतनीकरण, विंटेज अर्ज किंवा वारसाचे हस्तांतर, यांपैकी कोणतेच पोर्टलवर पुढे सरकत नाही.